मदत हवी आहे: जेट नसती तर कोरियात काय झालं असतं?
मंडळी, एक कथा लिहितेय, त्यात जेट इंजिन कुणालाच जमलं नाही असं धरलंय, ते खऱ्या इतिहासात बनवणाऱ्या व्हिटल आणि ओहाइन या दोन अभियंत्यांचेही प्रयत्न फसले. पण आता १९५० च्या कोरिया युद्धात येऊन अडकलेय. खऱ्या इतिहासात मिग-१५ ही सोव्हिएत जेट लढाऊ विमानं आली आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये उत्तर कोरियातल्या नामसी विमानतळावर बी-२९ या अमेरिकन बॉम्बर विमानांची अशी वाट लागली की अमेरिकेला दिवसाचे हल्ले सोडून रात्री उडावं लागलं. मिगच नसेल तर ला-११ सारखी प्रॉपेलरवाली सोव्हिएत लढाऊ विमानं बी-२९ ला तेवढ्या उंचीवर गाठून परत दुसरा हल्ला करू शकली असती का? आणि बी-२९ च्या रक्षणाला सोबत मस्टँग ही प्रॉपेलरवाली अमेरिकन लढाऊ विमानं असतील तर? मला सगळ्यात जास्त नडतंय ते सुपरचार्जरचं (विरळ हवेत इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचं) गणित, पिस्टन इंजिनवर कुणी काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, हा प्रसंग खरा वाटायलाच हवाय मला.