कथकच्या वर्गातला मोबाइल
'मोबाइल आला की रियाज बुडतो' असं बरेचदा म्हणतात, ते मला पटत नाही. चित्रीकरण नीट शिकवलं नाही तर बुडतो. मी कथकच्या वर्गातल्या मुलींना आधी फोन कमरेच्या उंचीवर स्टँडला लावायला सांगते. पावलंच फ्रेमबाहेर गेली तर तत्काराचा (पायांच्या कामाचा) व्हिडिओ काय कामाचा? चौगुणीत (चौपट लयीत) सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम ठेवायच्या, म्हणजे हळू करून बघताना पाऊल निसटत नाही. सेल्फी कॅमेऱ्याचं चित्र बऱ्याच फोनांत आरशासारखं उलटं साठतं, उजवा हात डावा दिसतो. ती सेटिंग बंद करायची. आणि रेकॉर्डिंग लगेच बघायचं नाही. तिहाई (तीनदा येणारा बोल) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली का, हे आधी स्वतः सांगायचं. मग आवाज बंद करून फक्त मान आणि मनगट पाहायचं. एडिटिंग, रील्स वगैरे नंतर. भरतनाट्यमवाले अडवू (त्यांच्या मूलभूत हालचाली) कुठल्या कोनातून टिपतात?