कोयनेतील सांघिक कयाक शर्यत : वेळ शेवटच्या नावेची धरायची की पहिलीची?

हेळवाककर

पाटण तालुक्यातील काही तरुण मंडळींनी कोयनेत, हेळवाकच्या खालच्या अंगाला, तीन-तीन कयाकांच्या, म्हणजे एकट्याने दुहेरी वल्ह्याने हाकायच्या अरुंद नावांच्या, संघांची शर्यत भरवायचे मनावर घेतले आहे आणि नियमांचा मसुदा करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. बहुतेक कलमांवर एकमत झाले. दोन मुद्द्यांवर मात्र रात्री अकरापर्यंत बैठक चालूनही निकाल लागला नाही, म्हणून ते येथे मांडतो.

पहिला मुद्दा वेळेचा आहे. कयाक स्लालमच्या, म्हणजे वाहत्या पाण्यावर टांगलेल्या काठ्यांच्या दारांतून नाव काढण्याच्या शर्यतीच्या, आंतरराष्ट्रीय नियमांत संघाच्या तिन्ही नावा एका पाठोपाठ सुटतात, घड्याळ पहिल्या नावेबरोबर सुरू होते आणि तिसरी नाव पोहोचल्यावरच थांबते. तिघांनी एकमेकांपासून 15 सेकंदांच्या आत अंतिम रेषा ओलांडली नाही, तर संघाच्या वेळेत 50 सेकंद वाढतात. टांगलेल्या दाराच्या काठीला स्पर्श झाला तर 2 सेकंद, दार चुकले तर 50 सेकंद, आणि तिघांचे दंड एकत्र मोजले जातात. हा नियम जसाच्या तसा घ्यावा असे माझे मत आहे, कारण पहिल्या नावेवर निकाल ठेवला की जोरकस गडी वल्हे हाणत पुढे निघून जातो आणि मागचा खडकाला आडवा होऊन अडकला तरी त्याला पत्ता लागत नाही. उलटलेली नाव कमरेच्या झटक्याने सुलट करताना, म्हणजे रोल मारताना, सांघिक प्रकारात सोबत्याची मदत घेतलेली चालते. सोबतीच दोन वळणे पुढे गेलेला असेल तर ती सवलत कोणाच्या उपयोगाची?

दुसरा मुद्दा पाण्याचा. मंडळींना शर्यत आषाढ-श्रावणात हवी आहे. मी ती चैत्र-वैशाखात घ्या म्हणतो. उन्हाळ्यात सांगलीकडच्या सिंचनासाठी कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडतात, एक संच चालला तर 1050 क्युसेक आणि दोन्ही चालले तर 2100. आकाश निरभ्र, पाणी मोजलेले. 2100 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे 60 घनमीटर, वजनात सांगायचे तर 60 टन पाणी. नवशिक्याला एवढे पुष्कळ झाले. पावसाळ्यात धरणाच्या पाणलोटातल्या नवजाला रात्रभर कोसळला की सकाळी धरणाचे सहाही वक्र दरवाजे किती फुटांनी उचलतील, हे आदल्या दिवशी पत्रिका छापणाऱ्याला कसे कळणार?

सांगलीवाडी

हेळवाककरांचा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण पटला नाही.

आमच्याकडे कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात आणि काठावर माणूस मावत नाही. तिथे नियम एकच असतो : जी होडी आधी आली ती जिंकली. आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या टाकणारी पोरे आमच्या गल्लीत मी लहानपणापासून पाहतो आहे, आणि पाणी त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. तुम्ही जो नियम आणता आहात त्यात संघाचा निकाल सर्वांत कच्च्या गड्यावर ठरतो. मग होणार काय, तर गावोगावचे संघ तिसऱ्या जागी नवख्या पोराला घेणारच नाहीत, आणि ज्यांच्यासाठी शर्यत भरवायची ते काठावरच बसतील. कबड्डीत एक गडी बाद झाला तर डाव थांबत नाही, बाकीचे खेळतात. येथे दोघे पोहोचले की संघ पोहोचला असे धरायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कयाक क्रॉस हा प्रकार प्रथमच आला. त्यात चार नावा एकदम पाण्यात पडतात, एकमेकांना धडकतात, ढकलतात, आणि ते नियमात बसते. जगात खेळ मोकळा होत चालला असताना आपण मात्र सेकंद मोजत बसायचे, हे मला उफराटे वाटते.

पाऊसपाण्याबद्दल म्हणाल तर नदी पावसाळ्यातच नदी असते. उन्हाळ्यात बघायला कोण येणार?

निवृत्त पाटकरी

मी पाटबंधारे खात्यात चाकरी केलेला माणूस आहे, कयाकमधले मला काही कळत नाही. पण हेळवाककर उन्हाळ्याचे पाणी सुरक्षित म्हणतात त्यात एक मोठी फट आहे आणि ती कोणीच सांगितलेली नाही.

कोयना आणि कृष्णेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांच्या खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात आणि जूनच्या आधी ते काढतात. म्हणजे तुम्ही म्हणता त्या चैत्रात बरगे जागेवर असतात, मागे पाणी तुंबलेले असते आणि ते बरग्यांच्या माथ्यावरून सरळ रेषेत खाली पडत असते. काठावरून पाहणाऱ्याला ते पाणी अगदी निरुपद्रवी दिसते, जेमतेम कमरेएवढी उडी. त्याच्या पायथ्याशी मात्र पाणी वरच्या थरात उलटे, बंधाऱ्याकडे, फिरत असते. पडलेला ओंडका तिथे दिवसभर गरगरताना मी स्वतः पाहिला आहे. तो खाली जातो, वर येतो, पुन्हा भिंतीकडे ओढला जातो, आणि बाहेर काही पडत नाही. माणसाचे वेगळे काय होणार? नदीतल्या खडकामागच्या भोवऱ्याला कुठेतरी कड असते, तिथून सुटता येते. बंधाऱ्याचा भोवरा या काठापासून त्या काठापर्यंत सलग असतो.

उन्हाळ्याची दुसरी अडचण मोटारींची. काठाने दर शेतकऱ्याचा पाइप नदीत सोडलेला असतो, त्याच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह, ज्याला गावात सगळे फुटबॉलच म्हणतात, आणि तो वाहून जाऊ नये म्हणून तारेने खुंटीला बांधलेला असतो. ती तार पाण्याच्या वर वीतभर असते किंवा वीतभर खाली. नावेत बसलेल्याला ती कुठे लागेल हे तुम्हीच मोजा.

पावसाळ्यात बरगे नसतात हे खरे, पण मग खांबांना झाडेझुडपे अडकतात. त्यातून पाणी जाते, माणूस जात नाही. म्हणून ऋतूच्या आधी जागा ठरवा.

कराडची वल्हेवाली

पाटकरी काकांनी माझे अर्धे काम केले. मी कुंडलिकेवर कोलाडला शिकले, जिथे भिऱ्याच्या वीजगृहाचे पाणी सुटले की नदी जागी होते आणि ते बंद झाले की दगड उघडे पडतात. त्यामुळे मोजलेल्या पाण्यावरच शर्यत व्हावी, या मुद्द्यावर मी हेळवाककर दादांच्या बाजूने आहे. 15 सेकंदांच्या नियमाला मात्र माझा विरोध आहे, आणि तो सांगलीवाडीकरांच्या कारणासाठी नाही.

तो नियम अशा लोकांसाठी आहे ज्यांना खडकामागच्या संथ पाण्यात, ज्याला आम्ही एडी म्हणतो, हवी तेव्हा नाव घालता येते. नवख्याला 15 सेकंदांची भीती घातली की तो पुढच्या नावेच्या शेपटीला चिकटतो. पुढचा उलटला की मागचा त्याच्यावर चढतो, तिसरा दोघांवर, आणि ज्या एडीत एक नाव मावते तिथे तीन घुसतात. कयाकचे टोक पाण्यात डोके वर काढणाऱ्याला कुठे लागेल हे सांगायला नको. एकमेकांकडे लक्ष राहावे म्हणून केलेला नियम आपल्या पोरांना एकमेकांच्या अंगावर आणून सोडेल. शिकवताना आम्ही उलटेच सांगतो : पुढचा एडीत स्थिरावून हात वर करीपर्यंत मागच्याने हलायचे नाही.

कयाक क्रॉसबद्दल : पॅरिसची ती शर्यत व्हेर-सुर-मार्न येथील बांधीव नाल्यात झाली. तिथले पाणी पंपाने चढवतात, पंप बंद केले की पाणी उतरते. कोयनेला काठावरून दाबायचे बटण नाही.

आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांबद्दल एक. डोहात वाढलेला पोहणारा दमला की पाय टेकवतो, ती त्याची सवयच असते. खळाळत्या पाण्यात नेमके तेच करायचे नसते. पाय दगडांच्या फटीत अडकतो, मागची धार पाठीवर बसते आणि माणूस पुढे वाकतो तो वाकलेलाच राहतो. मांडीएवढे पाणीही त्याला पुरते. पाठीवर पडून पाय प्रवाह जातो त्या दिशेला आणि पाण्याच्या वर उचललेले ठेवायचे, हे आयर्विन पुलावरून उडी मारून शिकता येत नाही, कारण तिथे खाली खोल पाणी असते.

सांगलीवाडी

ताई, पायाचा मुद्दा मान्य. आमचा एक भाचा वारणेत असाच अडकला होता, नशिबाने गुडघ्यावर निभावले. पण मग तुम्ही आणि हेळवाककर एकमेकांशीच भांडा. एक म्हणतो तिघांना बांधून ठेवा, दुसरी म्हणते लांब ठेवा. मी तर आधीपासून मोकळे सोडा म्हणतो आहे.

खर्चाचेही बोला. हेल्मेट, जॅकेट, नावेत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावायचा स्प्रे स्कर्ट, नावेच्या दोन्ही टोकांना कड्या, आत हवेच्या पिशव्या, हे सगळे प्रत्येक संघाच्या तीन गड्यांना घ्यायचे तर सहकारी सोसायटीचे कर्ज काढावे लागेल.

हेळवाककर

सांगलीवाडीकर, नावा आणि सामान आयोजकांचेच राहील, त्यामुळे कोणाला कर्ज काढावे लागणार नाही. पण जॅकेट अंगात आहे एवढ्यावर मी कोणाला सोडणार नाही. आंतरराष्ट्रीय तपासणीत जॅकेटला सुमारे 6 किलोचे धातूचे वजन बांधून ते तरंगते का पाहतात. आपण किराणा दुकानातले 5 किलोचे आणि 1 किलोचे वजन सुतळीने बांधून पिंपात टाकू. परवा जमवलेली अकरा जॅकेटे अशी तपासली, त्यांतली चार तळाला गेली. दिसायला ती चारच सर्वांत नवी होती.

ताईंच्या आक्षेपावर दोन दिवस विचार केला. त्याआधी दोरीची एक गोष्ट सांगतो, कारण माझे मत तिथे हलले. बचावाची 20 मीटर दोरीची पिशवी घेऊन आम्ही सहा जण काठावर उभे राहिलो आणि वरून रिकामे प्लॅस्टिकचे पिंप सोडले. पहिली फेक चार जणांची चुकली, तीही पिंपाच्या मागे पडून. पुढे पडली असती तर निदान पिंप तिच्याकडे आले असते. मग ओली दोरी गोळा करून पुन्हा फेकायची तर ती पिशवीत भरण्याइतका वेळच नव्हता, हातात वेटोळी घेईपर्यंत पिंप वळणाआड गेले. ज्याची फेक लागली त्यालाही हिसक्याने दोन पावले पाण्यात ओढले गेले, कारण तो ओल्या शेवाळ्यावर उभा होता आणि मागे कोणी धरायला नव्हते. तीन नावा एकदम उलटल्या असत्या तर काठावरची एक दोरी एकालाच पुरली असती.

तेव्हा 15 सेकंदांचे कलम मागे घेतो. शेवटच्या नावेवर वेळ थांबवण्याचे कलम मात्र सोडत नाही. ताईंच्या हात वर करण्याच्या पद्धतीला मी तपासणीच्या जागा जोडतो : मार्गात तीन ठरलेल्या एडी, प्रत्येक एडीत पुढच्याने मागच्याला पाहून हात वर करायचा, तिथला पंच तो पाहून पाटी फिरवणार, हात न दाखवता पुढे गेल्यास 50 सेकंद. उलटलेल्या दुसऱ्या संघाच्या माणसासाठी थांबलात तर पंचाने मोजलेला तेवढा वेळ परत मिळेल. आणि धोक्यात असलेल्याला पाहून न थांबणारा संघ बाद, त्यावर अपील नाही.

पलूसचा वाचक

8 ऑगस्ट 2019 ला आमच्या तालुक्यातील ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढताना बोट उलटली, तेव्हा मी शेजारच्या गावात होतो. क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढली होती. थांबा, आता कोणी चढू नका, असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे अशा वेळी काठावर कोणालाच ठाऊक नसते. तुमच्या मसुद्यात शर्यत रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे? आमदार आलेले असतील, बक्षिसे मांडलेली असतील, आणि पाणी वाढलेले असेल. त्या माणसाचे पद लिहा.

सांगलीवाडी

पलूसकरांपुढे मला बोलता येत नाही. तरी एक विचारतो. रद्द करण्याचा अधिकार एकाच माणसाला दिला तर तो प्रत्येक ढगाला घाबरून शर्यत रद्द करील. आमच्याकडे निदान पाच जुनी जाणती माणसे बसून ठरवतात.

कराडची वल्हेवाली

पाच जण बसून ठरवेपर्यंत केरा नदीचे पाणी पाटणला कोयनेत मिसळून जाईल. कोयना धरणाचे पाणी सोडताना वाजतो तसा भोंगा तिच्यासाठी वाजत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत जाणत्यांनी ठरवावे. पहिली नाव सुटल्यानंतर मात्र बचावप्रमुखाची एक शिट्टी, आणि तिच्यावर चर्चा शर्यतीनंतर. पाणी वाढले हे ओळखायला अंदाज नको, आरंभाच्या जागी खडकावर रंगाची रेघ मारा. रेघ बुडाली की नाव सुटणार नाही. रेघेशी वाद घालता येत नाही, सांगलीवाडीकर, म्हणजे तुमच्या पाच जाणत्यांचाही मान राहतो.

हेळवाककर

रेघ आणि शिट्टी, दोन्ही मसुद्यात घेतो. बचावप्रमुख हा आयोजकांपैकी नसेल आणि त्याचा कोणताही संघ शर्यतीत नसेल, असेही लिहितो. राहिला प्रश्न ऋतूचा. पाटकरी काका, तुमच्या सांगण्यावरून आता असे वाटते की दोन बंधाऱ्यांच्या मधला सलग टप्पा घ्यावा, शेवट खालच्या बंधाऱ्याच्या तुंबलेल्या संथ पाण्याच्या आधीच करावा, तिथे काठापासून काठापर्यंत तरंगत्या डब्यांची दोरी बांधावी आणि मोटारीच्या तारा आठ दिवस आधी शेतकऱ्यांना विचारून खाली बसवाव्यात. ताईंना घेऊन मी तो टप्पा चालत पाहणार आहे.

निवृत्त पाटकरी

चालत जा, पण पाणी बंद असताना एकदा आणि एक संच सुरू असताना एकदा. कोरड्यात दिसलेली तार ओल्यात शोधता आली पाहिजे. डब्यांची दोरी काटकोनात बांधू नका, तिरकी बांधा, म्हणजे धरलेला माणूस आपसूक काठाला सरकेल. पूर्वी नावेचा दोर आम्ही तसाच लावत असू. शेतकऱ्यांना विचारायला मी येतो, माझे ऐकतील. सांगलीवाडीकरांनाही बरोबर घ्या.

सांगलीवाडी

येतो. पण दोघे पोहोचले की संघ पोहोचला, हे माझे म्हणणे कायम आहे, ते वाटेत बोलू.