मदत हवी आहे: फी कंपनीची थकली, नोटीस मात्र माझ्या नावाने

नमस्कार मंडळी. मी आणि एक मित्र अशा दोघांची छोटी लिमिटेड कंपनी. पुरवठादाराशी वाद झाला म्हणून वकील केले. केस चालू असतानाच धंदा बसला, मी राजीनामा दिला आणि वकिलांची तीन बिलं थकली. त्यातली दोन तर माझ्या राजीनाम्यानंतरच्या कामाची. आता नोटीस आली आहे, कंपनीला आणि सोबत मला व्यक्तिशः!

कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, तिचं देणं तिचंच, हे १८९७ च्या सॉलोमन खटल्यापासूनचं तत्त्व मलाही ठाऊक आहे. माझं घोडं अडलंय वकिलांच्या नेमणूक-पत्रापाशी. वर नाव कंपनीचं, बिलंही कंपनीच्याच नावाने. पण खाली माझी नुसती सही. 'कंपनीकरिता, डायरेक्टर' असं काही लिहिलेलंच नाही. घाईत कोण बघतो! लेखी वैयक्तिक हमी दिलेली नाही. मात्र फोनवर एकदा "पैशांचं मी बघतो" म्हणालो होतो. जीभ आवरायला हवी होती.

तर नुसत्या सहीमुळे मी बांधला जातो का? त्या तोंडी शब्दाला किती वजन? आणि राजीनाम्यानंतरच्या बिलांचं काय?

मित्र म्हणतो, कंपनी गुंडाळू, वकील बसतील इतर विनातारण धनकोंच्या (ज्यांच्याकडे कंपनीचं काही तारण नाही अशा येणेकऱ्यांच्या) रांगेत. पण पैसे नाहीत हे माहीत असताना काम करून घेतलं असं ठरलं, तर डायरेक्टरच अडकतात ना? फी मिळेपर्यंत वकिलांनी फाइलही अडवून ठेवली आहे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, नोटिशीला उत्तर द्यायचं आहे.