बारा वायफाय स्पीकर, प्रत्येकात स्वतःचा सिंथ: आवाज फिरवला की अडखळतो

खर्ज:
९ बाय १२ मीटरच्या हॉलमध्ये भिंतीकडेने १२ डबे आहेत. प्रत्येकात ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर), मॅक्स९८३५७ए अँप्लिफायर, ४ ओहमचा स्पीकर आणि ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर. ऑडिओ वायफायवरून जात नाही. तंबोऱ्यासारखी छेड डब्यातच तयार होते (कार्प्लस-स्ट्राँग: छोटा नॉइज पुन्हा पुन्हा फिरवून तारेचा आवाज काढायची पद्धत), लॅपटॉपवरचं प्युअर डेटा (ध्वनीचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) फक्त ओएससी (वाद्यांना नेटवर्कवरून सूचना द्यायची पद्धत) संदेश सोडतं: स्वर, जोर, वेळ. यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवायची पद्धत), ब्रॉडकास्ट पत्ता (एकच पॅकेट सगळ्यांना), सेकंदाला ५० संदेश. घड्याळं सुरुवातीला एकदा जुळवतो.
तीन अडचणी. छेड गोल फिरवली की अडखळते, मधला एखादा डबा गप्पच राहतो. अर्ध्या तासाने शेजारचे डबे मागेपुढे वाजू लागतात. आणि सगळे एकदम जोरात वाजले की दोन-तीन डबे रीस्टार्ट होतात. घरगुती राउटर बदलला तर भागेल का?

पॅकेटवाला:
राउटर राहू द्या, आधी ब्रॉडकास्ट सोडा. वायफायवर ब्रॉडकास्टला पोच नसते, म्हणून हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही. शिवाय ते सगळ्यांत कमी वेगाने जातं. नेटवर्कवरचं एक जरी उपकरण झोपेत असलं (कुणाच्या खिशातला फोनसुद्धा), तर राउटर ब्रॉडकास्ट अडवून ठेवतो आणि ठरलेल्या बीकननंतर (राउटर ठराविक वेळाने सोडतो तो हजेरीचा संदेश) गठ्ठ्याने सोडतो. बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी येतो. तुमचं अडखळणं तेच.
बाराही डब्यांना स्थिर आयपी द्या आणि प्रत्येकाला वेगळं पॅकेट पाठवा. सेकंदाला ६०० छोटी पॅकेटं राउटरला जड नाहीत. ईएसपी३२ जोडला गेला की आपणहून पॉवर सेव्हमध्ये जातो, ते कोडमध्ये बंद करा. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो कायमचा ठरवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. राउटर माणसांच्या डोक्यांच्या वर हवा, २.४ गिगाहर्ट्झ अंगात चांगलंच मुरतं. पासवर्ड पाहुण्यांना देऊ नका.

लय-मापे:
दुसरी अडचण राउटरची नाहीच. ±१० पीपीएमचे (दहा लाखांत दहा भाग इतकी चूक) दोन क्रिस्टल (घड्याळाचा ठोका देणारे भाग) एकमेकांपासून २० पीपीएमपर्यंत सरकू शकतात, म्हणजे १,८०० सेकंदांत ३६ मिलिसेकंद. एकदा जुळवून भागत नाही.
दर १० सेकंदांनी प्रत्येक डब्याने लॅपटॉपला ८ वेळा वेळ विचारावी. विचारल्याची वेळ, तिकडे पोचल्याची, तिकडून निघाल्याची आणि परत आल्याची, अशा चार नोंदी होतात. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागला असं धरून फरक काढायचा. आठांची सरासरी काढू नका. ज्याची फेरी सगळ्यांत कमी वेळात झाली तेवढाच घ्या. उशिरा आलेली पॅकेटं कुठेतरी रांगेत अडकलेली असतात, ती हिशेब बिघडवतात. दुरुस्तीही एकदम उडी मारून नको, हळूहळू मुरवा.
मग संदेशात ‘आत्ता वाजव’ नको, ‘अमुक वेळेला वाजव’ हवं, १०० मिलिसेकंद पुढची वेळ देऊन. पॅकेट ४० मिलिसेकंद उशिरा आलं तरी चालतं.
इथे प्युअर डेटाची एक खोच आहे. नेहमीच्या आवृत्तीत आकडे ३२ बिट फ्लोट (दशांश आकड्यांचा प्रकार) असतात, १,६७,७७,२१६ च्या पुढे पूर्णांक नेमके राहत नाहीत. वेळ मायक्रोसेकंदांत पाठवली तर १७ सेकंदांतच घोळ सुरू होतो. मिलिसेकंदांत साडेचार तास मिळतात, किंवा सेकंद आणि उरलेले मायक्रोसेकंद असे दोन आकडे पाठवा.

वीजजोड:
रीस्टार्ट म्हणजे ब्राउनआउट, व्होल्टेज क्षणभर पडतं. सिरियल मॉनिटरवर (लॅपटॉपवर चिपचे संदेश दाखवणारी खिडकी) तो शब्द दिसेल, मल्टिमीटरवर खड्डा दिसणार नाही, फार छोटा असतो. चार्जर २ अँपिअरचा आणि वायर जाड, आखूड घ्या. अँप्लिफायरच्या व्हीआयएन (वीज आत येते ती पिन) आणि जीएनडीच्या (ग्राउंड) अगदी जवळ ४७० ते १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. अँप्लिफायरला ३.३ व्होल्ट रेग्युलेटरमधून वीज देऊ नका, थेट ५ व्होल्टवरून द्या. गेन (आवाज किती वाढवायचा ते) पिन मोकळी सोडली तर ९ डेसिबल मिळतात, व्हीआयएनला जोडली तर ६. आधी ६ वर करून बघा. ब्राउनआउट डिटेक्टर कोडमधून बंद करायचा सल्ला ऑनलाइन फिरतो, तो मानू नका, रोग तसाच राहतो.

खर्ज:
युनिकास्ट (प्रत्येकाला वेगळं पॅकेट) आणि कपॅसिटर करतो. फिरवण्यासाठी व्हीबॅप (जवळच्या स्पीकरांत आवाज वाटून त्याची दिशा ठरवायची पद्धत) वापरतोय, ते बरोबर आहे का?

लय-मापे:
व्हीबॅप (पुल्की, १९९७) ऐकणारा मधोमध आहे असं धरतं. माणसं हॉलभर फिरणार असतील तर डीबॅप घ्या: अंतर वाढेल तसा त्या डब्याचा गेन कमी, आणि सगळ्या गेनच्या वर्गांची बेरीज १. हिशेब लॅपटॉपवर करा.
आणखी एक. हुबेहूब तीच छेड दोन डब्यांत १ मिलिसेकंदाच्या फरकाने वाजली आणि दोन्हींचा जोर सारखा असला, तर ५०० आणि १,५०० हर्ट्झला आवाज पडतो. कार्प्लस-स्ट्राँगमधला सुरुवातीचा नॉइज प्रत्येक डब्यात वेगळा असेल तर हे बरंच टळतं. पण सगळ्यांत एकच फर्मवेअर (डब्यातला प्रोग्रॅम) आहे आणि रँडमला सीड (सुरुवातीचा आकडा) दिलेलं नसेल, तर बाराही डबे तोच नॉइज काढू शकतात! सीड मॅक अॅड्रेसवरून (प्रत्येक चिपचा वेगळा क्रमांक) घ्या.
जुळणी तपासायला दोन डब्यांपासून सारख्या अंतरावर एक माइक ठेवा, आळीपाळीने टिक वाजवून रेकॉर्ड करा आणि नेमून दिलेल्या वेळेपासूनचा फरक बघा. माइक एका डब्याला दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर जवळ असला, तर तेवढ्यानेच १ मिलिसेकंद जातो.