मदत हवी आहे: लॅपटॉपचा चार्जर तव्यासारखा तापतोय

तूरडाळ:
चार्जर इतका गरम होतोय की हात लावला की चटका बसतो. सोमवारी डिझर्टेशन द्यायचंय, दोन प्रकरणं बाकी आहेत. दुकानवाला न उघडताच म्हणाला मदरबोर्ड गेलाय, सात हजार होतील. खरंच असं असतं का? जाणकारांनी प्लीज लवकर सांगा.

खडीसाखर:
कोणता लॅपटॉप? चार्जर किती वॉटचा, किती जुना? कंपनीचा की बाहेरचा? आणि ठेवता कुठे? फोनवरून नाडी बघता येत नाही ताई.

तूरडाळ:
साधा १५ इंची आहे, चार वर्षं जुना. चार्जर कंपनीचाच. ठेवणार कुठे, बाजूलाच असतो.

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली:
कूलिंग पॅड घ्या. मी घेतल्यापासून लॅपटॉप एकदम थंड.

खडीसाखर:
लॅपटॉप नाही, चार्जर तापतोय त्यांचा.

नाना_फ्यूज:
आधी शब्द नीट वापरू. चार्जिंगचं सर्किट लॅपटॉपच्या आत असतं, बाहेर असतो तो अडॅप्टर. आता मुद्दा. तो थोडा तापणारच. ६५ वॉट द्यायचे तर आठ-नऊ वॉट त्याच्या पोटातच उष्णता होऊन जातात, आणि डबा चहूबाजूंनी बंद. झिरोच्या बल्बला हात लावून बघितलाय ना कधी?

बेरकी_बंड्या:
नाना, झिरोचा बल्ब शून्य वॉटचा, तो कशाला तापेल? 😄

नाना_फ्यूज:
नावाला झिरो. जुना पिवळा बल्ब बारा-पंधरा वॉट खातो. जुन्या मीटरची चकती त्याने हलायची नाही म्हणून लोकांना फुकट वाटायचा.

खडीसाखर:
बल्बचा वेगळा धागा काढा. तूरडाळ, गाव कोणतं? बाजूला म्हणजे गादीवर का?

तूरडाळ:
अकोला. हो, गादीवर. कधी उशीखाली जातो. पण हिवाळ्यातही मी गादीवरच बसायची, तेव्हा असं नव्हतं.

खडीसाखर:
मे महिना, अकोला आणि उशीखाली! अडॅप्टर खोलीपेक्षा पंचवीस-तीस अंशांनी जास्त तापतो असं धरा. खोलीतच चाळीस असेल तर बेरीज तुम्हीच करा. फरशीवर ठेवा, तोही अरुंद कडेवर उभा, म्हणजे दोन्ही रुंद बाजूंना वारा लागेल.

शुद्धतूप:
ओलं फडकं पिळून गुंडाळायचं. आमच्याकडे सगळे तेच करतात.

नाना_फ्यूज:
अजिबात करू नका!! आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो. डब्याची शिवण उकललेली असली आणि पाणी शिरलं तर डिझर्टेशन राहील बाजूला.

बेरकी_बंड्या:
सरळ नवा घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पण चालणारा, स्वस्तात मिळतो. माझा तीन वर्षं चालतोय.

नाना_फ्यूज:
आणि माझ्या पुतण्याचा तीन आठवड्यांत फुटला. निदान लेबलवर आर ने सुरू होणारा आठ आकडी बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) नंबर आहे का ते बघा आणि बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासा. हातात घेऊन वजनही बघा, नकली हलका लागतो.

बेरकी_बंड्या:
वजनाचं आता खरं नाही नाना. नव्या पद्धतीचे, गॅलियम नायट्राइडच्या चिपवाले अस्सल असूनही हलके असतात. आणि नकलीवाले आत लोखंडाचा तुकडा टाकतात.

सौदामिनी:
भांडण नंतर. ताई, दोन गोष्टी बघा. एक, भिंतीतली पिनही तापते का? ६५ वॉटला २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरही लागत नाही, पिन गारच राहायला हवी. ती तापत असेल किंवा तिथे काळं पडलं असेल तर सॉकेट सैल आहे. दोन, अडॅप्टरवर आऊटपुट काय लिहिलंय आणि लॅपटॉपच्या पोटाखाली इनपुट काय लिहिलंय? जसंच्या तसं टाइप करा.

तूरडाळ:
पिन गार आहे. अक्षरं मुंगीएवढी, मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचली. चार्जरवर १९.५ व्होल्ट २.३१ अँपिअर. लॅपटॉपखाली १९.५ व्होल्ट ३.३३ अँपिअर. बराच फरक आहे का?

सौदामिनी:
सापडलं! तुमचा लॅपटॉप ६५ वॉटचा आणि अडॅप्टर ४५ चा. गाढवावर बैलाचं ओझं. हल्ली चार्जिंगही रखडत असेल. कंपनी एकच असल्यामुळे पिन बसते, म्हणून कळत नाही. हा तुमचा नव्हेच. कुठून आला?

तूरडाळ:
अरे देवा. एप्रिलमध्ये घरी लग्न होतं, सगळ्यांचे चार्जर एकाच बोर्डावर. भाऊ पुण्याला जाताना माझा घेऊन गेला असणार. त्याचा लॅपटॉप छोटा आहे. आत्ता फोन केला तर म्हणतो, "माझा तर हल्ली मस्त थंड राहतो"!!

शुद्धतूप:
त्याला आधी काढायला सांगा. मोठ्या अडॅप्टरने छोटा लॅपटॉप जळेल.

सौदामिनी:
नाही जळत. व्होल्ट सारखे हवेत. अँपिअर म्हणजे अडॅप्टरची ऐपत, लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. विहीर मोठी म्हणून बादलीत जास्त पाणी येत नाही.

तूरडाळ:
तो रात्रीच्या बसने पाठवतोय, पण रविवारी हातात पडेल. तोपर्यंत काय करू?

सौदामिनी:
लॅपटॉप बंद करून चार्ज करा, मग अडॅप्टर काढून बॅटरीवर लिहा. चार्जिंग आणि काम एकदम चालू असलं की ओढ सगळ्यात जास्त असते. ब्राइटनेस उतरवा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय का तेही बघा, बॅटरी फुगली असेल तर ती वेगळी भानगड.

तूरडाळ:
टचपॅड सपाट आहे. बंद करून लावलाय, फरशीवर उभा. पंधरा मिनिटं झाली, हात टेकवता येतोय. दुकानवाल्याला सकाळी लेबल नेऊन दाखवते.

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली:
तरी कूलिंग पॅड घ्याच. लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवतो.