मदत हवी आहे: बाबा डॉक्टरसमोर नुसती मान डोलावतात

वैतागलेली_लेक: बुधवारी परत अपॉइंटमेंट आहे, प्लीज लवकर सांगा. बाबांना कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले बीपीची रात्रीची गोळी बंद करा, बाबांनी ऐकलं फक्त 'रात्रीची', आणि घेत राहिले, परवा चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले. नशीब हाड नाही मोडलं. मी बंगळुरात, आई गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. काय करू?

कोपऱ्यातला_कट्टा: वय? एक कान की दोन्ही? अचानक गेलं असेल तर आजच ईएनटी गाठा, थांबू नका. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झालीये का?

नानासाहेब_६१: मळ असेल. कोमट तेलाचे दोन थेंब, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच.

कोपऱ्यातला_कट्टा: नाना, पडद्याला भोक असेल तर? न बघता काहीही घालू नका.

वैतागलेली_लेक: ७४. दोन्ही कान, चार-पाच वर्षं हळूहळू. मळ नाहीये. कानाचं मशीन कपाटात आहे, लावलं की भांडी डोक्यात वाजतात म्हणे.

शेवंता: अगं मग हे आधी सांगायचंस ना! ऑडिओलॉजिस्टकडून (ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारे) सेटिंग बदलून घे, आधी घरातच रोज थोडा वेळ लावायला सांग, सवयीला काही आठवडे जातात. आणि सेल बदल, स्टिकर काढला की न वापरताही उतरतो.

गावकरी_बाबू: मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वर अशा मशीनसाठी ३००० रु. मिळतात, उत्पन्न २ लाखांच्या आत पाहिजे.

वैतागलेली_लेक: दादा, पेन्शन आहे त्यांना. बुधवारचं बोला ना कोणीतरी!!

शेवंता: खिशात चिठ्ठी दे, कमी ऐकू येतं, मास्क काढून समोर बघून बोला, बदललेली गोळी लिहून द्या. ओरडून उपयोग नाही, शब्द अजून फाटतो. आणि डॉक्टरांनी 'कळलं का' विचारूच नये, हो म्हणून मोकळे होतात. 'आता रात्री काय घेणार, सांगा' असं विचारायला हवं. तू तेवढा वेळ व्हिडिओ कॉलवर राहा.

वैतागलेली_लेक: चिठ्ठी फाडून टाकतील, 'मी काय बहिरा आहे का' म्हणून.

शेवंता: आमचे अण्णा तसेच. मी फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलं, त्यांनी कधी उघडून बघितलं नाही. डॉक्टर आता स्वतः खुर्ची पुढे ओढून बसतात.

वैतागलेली_लेक: हे जमेल. फाइल आईकडेच असते, आजच लिहायला सांगते.

नानासाहेब_६१: मशीन पडूनच असेल तर विकणार का?