मदत हवी आहे: गॅरेजच्या अंगणातलं पाणी पऱ्यात (ओढ्यात) जातंय, फिल्टर तुंबला, मिरग तोंडावर

रॅम्पवाला
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात हायवेपासून जरा आत माझं गॅरेज आहे. अंगणातलं पावसाचं पाणी उताराने खालच्या पऱ्यात जातं. खालच्या वाडीतल्या काकी गेल्या वर्षीपासून बोलतायत की विहिरीवर तेलाचा तवंग येतो, यंदा तर थेट ग्रामपंचायतीत अर्ज दिला. म्हणून मी मे महिन्यात ४ बाय ४ फुटाचा खड्डा बांधला, खाली खडी, मग कोळसा, वर वाळू, सगळं व्हिडिओत बघून. परवा वळीव पडला आणि पंधरा मिनिटांत खड्डा भरून पाणी वरून वाहून गेलं. वाळूवर तांबडी साय बसलीय. आता थर वाढवू की कोळसा बदलू? लवकर सांगा, आठवड्यात पाऊस लागेल.

माडबागायतदार
खड्ड्यात फिल्टर कशाला, सरळ शोषखड्डा मारा. आमच्याकडे ८ फुटी आहे, वीस वर्षं काही बघावं लागलं नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
शोषखड्डा अजिबात नको!! गॅरेजचं पाणी आहे, न्हाणीघराचं नव्हे. जांभ्याला भोकं आणि भेगा असतात, पाणी गाळल्यासारखं न जाता नळातून गेल्यासारखं जातं, आणि जुलैत आपल्याकडे विहिरी काठोकाठ भरतात म्हणजे शोषायला जागाच नसते. अर्ज आलाय ना, मग तेल स्वतःच्या हाताने विहिरीत नेऊन ओतल्यासारखं होईल.
रॅम्पवाला, आधी हे सांगा: अंगण किती, काँक्रीट की मुरूम, विहीर किती लांब, वरच्या डोंगराचं पाणी अंगणातून जातं का, वाळू कुठली?

पुण्यातली_कोकणी
छतावरचं पाणी पाइपने टाकीत घ्या, वर जाळी लावा. आम्ही गावच्या घराला केलंय, मे महिन्यापर्यंत पुरतं. फोटो टाकू का?

रॅम्पवाला
ताई छताचा प्रश्नच नाहीये. ओव्हरसियर काका, काँक्रीट तीनेक गुंठे, विहीर चाळीस पावलांवर. वाळू खाडीची, स्लॅबची उरलेली, बारीक. कोळसा चुलीतला. डोंगराचं पाणी थोडं येतं, म्हणजे मागचा गडगा, दगडांचा बांध, पडलाय तिथून येतं.

कातळावरचा
थोडं नाही, तिथूनच सगळं येत असेल. तांबडी साय म्हणजे डोंगराची माती. गडगा आधी उभा करा.

निवृत्त_ओव्हरसियर
बरोबर. आता हिशेब बघा. तीन गुंठे म्हणजे ३०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी. आपल्याकडे एखाद्या तासात ५० मिमी पडणं नवं नाही, म्हणजे १५,००० लिटर, डोंगराचं सोडून. तुमच्या खड्ड्याचं तोंड दीड चौरस मीटर. चांगल्या वाळूतून तासाला १०-२० सेंमी पाणी उतरतं धरलं तर १५० ते ३०० लिटर, आणि बारीक वाळूवर चिखल बसला की तेवढंही नाही. तुम्ही पिंप चहाच्या गाळणीतून ओतताय. कोळसा बदलून काय होणार? चुलीतल्या कोळशाची राख उलट वाळूत बसते.
सगळा पाऊस गाळायचाच नसतो. पहिल्या सरीत सगळ्यात घाण पाणी येतं, अंगणात साचलेलं तेल, ग्रीस, टायरची झीज, ब्रेकची पूड. पहिले १० मिमी धरले तर तुमचे ३,००० लिटर होतात. तेवढं टाकीत अडवा, बाकीचं बाजूने जाऊ दे. मात्र बाजूची वाट टाकीच्या आधी काढा, नाहीतर लोट आला की साठलेलं तेल ढवळून तो बाहेर नेतो.

माडबागायतदार
मोठमोठे हिशेब. तीस हजाराची टाकी कोण बांधणार? नारळाची सोडणं टाका खड्ड्यात, काथ्या तेल पितो. फुकट.

कातळावरचा
काथ्या तेल धरतो खरं, पण कुणीतरी ती सोडणं काढून बदलायला हवी ना, नाहीतर कुजून तेच परत सोडतील. आणि काढल्यावर टाकणार कुठे, बंबात घालणार?

खवळलेला_प्रवासी
सगळं पाप चौपदरीकरणाचं. डोंगर कापले, मोऱ्या नको तिथे घातल्या, पाणी आता कुणाच्याही घरात जातं. त्यावर धागा काढा.

बंदर_ते_बे
मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतो. इथे ओढ्यात कोहो सामन मासे पावसात रस्त्याच्या पाण्याने तडफडून मरायचे. टायरमधल्या रसायनापासून तयार होणारं एक विष त्याला कारण आहे हे २०२० साली सापडलं. पण तेच पाणी वाळू-कंपोस्टच्या वाफ्यातून गाळून दिल्यावर मासे जगतात हे त्याच्याही आधी प्रयोगात दिसलं होतं. वाफा करा, खड्डा नको.

माडबागायतदार
आमच्या पऱ्यात सामन नाहीत.

बंदर_ते_बे
वळगणीचे मासे आहेत ना? पहिल्या पावसात तेच वर चढतात, आणि नेमकं तेव्हाच गॅरेजचं पहिलं पाणी खाली येतं.

निवृत्त_ओव्हरसियर
मुद्दा चांगला काढलात. वाफा करायचा तर अंगणाच्या पाच टक्के धरा, १५ चौरस मीटर. जाडी वाळू जास्त, थोडी माती, कंपोस्ट अगदी थोडं. शेणखत भरपूर टाकलंत तर तेच धुऊन पऱ्यात जातं. विहीर जवळ म्हणून खाली जाड प्लॅस्टिक, त्यावर भोकाचा पाइप, वर वाळा नाहीतर कर्दळ लावा. पण वाफा शेवटी. त्याच्या आधी तीन कप्प्यांची टाकी, गाळ खाली बसेल, तेल वर तरंगेल, आणि बाहेर जायचा पाइप एल्बो उलटा लावून खालच्या थरातून घ्यायचा म्हणजे तेल आतच राहतं. वाफ्यावर थेट चिखल सोडलात तर त्याचंही खड्ड्यासारखंच होईल.
एक विचारायचं राहिलं. गाड्या कुठे धुता?

रॅम्पवाला
रॅम्पवर, तिथेच अंगणात. फोमने. दिवसाला सात-आठ.

निवृत्त_ओव्हरसियर
अहो हे पहिल्या ओळीत सांगायचं!! इथे दोन दिवस पावसाचा हिशेब घालतोय. शांपू तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळून टाकतो, मग ते तरंगतच नाही, तीन सोडून दहा कप्पे बांधा, आरपार जाईल. आणि हे पाणी बारा महिने चालू आहे, पावसाचा संबंधच नाही.

रॅम्पवाला
मला वाटलं धुण्याचं पाणी म्हणजे साबणाचंच, त्यात काय असणार.

टपरीवर_भेटू
भाऊ ते काळं ऑइल फेकता का? आमच्या कुंपणाच्या खांबांना वाळवी लागलीय, दोन कॅन मिळाले तर बरं होईल.

कातळावरचा
देऊ नका कुणाला. खांबाला लावलं की पावसात तेच शेतात उतरतं. ते नियमात घातक कचऱ्यात धरतात, अधिकृत घेणाऱ्यालाच द्यायचं.

व्हाळाकाठचो
एक गोष्ट कोणीच विचारूक नाय. विहिरीतलो तवंग तेलाचोच कशावरून? जांभ्याच्या पाण्यात लोखंड असता, त्याचे जंतू पण तसोच चकचकीत तवंग करतत. काठी घालून बघ मरे. तुकडे पडले आणि तसेच रवले तर लोखंडाचो. परत जुळलो तर तेल.

रॅम्पवाला
आज सकाळी काकींच्या विहिरीवर गेलो काठी घेऊन, काकी बाजूला उभ्याच. विहिरीतला तवंग फुटला आणि भांड्याच्या खापऱ्यांसारखे तुकडे तसेच राहिले, जुळले नाहीत. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानेच म्हटलं, बघा. काकी म्हणाल्या, आता पऱ्यात घाल. पऱ्यात माझ्या पाइपाच्या तोंडाशी घातली. गोल फिरून पुन्हा एक झाला.
तर आता गडी लावून गडगा बांधायला घेतलाय. रॅम्पवर पत्रा टाकतोय म्हणजे तिथे पाऊस पडणार नाही, धुण्याचं पाणी वेगळ्या हौदात, तो होईपर्यंत धुणं बंद. गिऱ्हाईक बोंबलतंय. काका, पत्र्याचं पाणी कुठे सोडू?

पुण्यातली_कोकणी
टाकीत!! मी पहिल्याच दिवशी सांगत होते.

निवृत्त_ओव्हरसियर
घ्या, ताईंचा नंबर लागला. खरंच टाकीत घ्या, गाड्या धुवायला वापरा. अंगणात मात्र पागोळी पडू देऊ नका. आणि टाकीच्या जागेचा फोटो टाका, उतार कुठे ते दिसेल असा. मागच्या वेळचा नुसता तुमच्या पायाचा आलाय.